‘शटडाऊन’ कळतं, मग ‘शट डाऊन’ का अडतं?

खेड्यातली पोरं इंग्रजीत कुठं अडतात, असं कुठल्याही हायस्कूलच्या गुरुजींना विचारा. स्पेलिंग, काळ, वाक्यरचना ही ठरलेली उत्तरं येतील. पण बारावी होऊन भरतीच्या परीक्षांना बसणारा पोरगा वेगळंच सांगेल. त्याला ‘गेट’ येतं, ‘अप’ येतं, ‘ऑफ’ येतं, ‘ओव्हर’ही येतं. मात्र गेट अप, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट थ्रू असे चारही पर्याय एका प्रश्नाखाली आले की त्याचं डोकं गरगरतं. शब्द ओळखीचे आणि अर्थ परका, अशी ही गत. इंग्रजीत या जोडगोळीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. आपण सोयीसाठी जोडक्रियापद म्हणू.

आता शेतीवाडीच्या पानावर हे व्याकरण कशाला, असं काही वाचकांना वाटेल. दोन उदाहरणं देतो, मग ठरवा.

पहिलं पीकविम्याचं. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्यांनाही ऐच्छिक करण्यात आली. पण ऐच्छिक कशी? तर ज्याला विमा नको असेल त्याने ‘कट-ऑफ’ तारखेच्या किमान सात दिवस आधी ‘ऑप्ट आऊट’ करतो असं बँकेला लेखी द्यायचं. नाही दिलं तर विम्याचा हप्ता कापला जायचा. एका नियमात दोन जोडक्रियापदं! शब्दकोशात ‘ऑप्ट’ पाहिलं तर ‘निवडणे’ असा अर्थ सापडतो. ‘ऑप्ट आऊट’ म्हणजे मात्र ‘मला यातून वगळा’. मागच्या त्या छोट्या शब्दाने अख्खा अर्थ उलटा केला. ज्याला तो कळला नाही, त्याने काहीच कळवलं नाही आणि हप्ता गेला, तर दोष कुणाला द्यायचा?

दुसरं कर्जाचं. बँकांनी अमुक इतकी कर्जं ‘राइट ऑफ’ केली अशी बातमी आली की पारावर एकच चर्चा सुरू होते. बड्यांची माफ झाली, आमची का नाही? बड्या थकबाकीदारांवरचा राग समजण्यासारखा आहे, पण शब्दाचा अर्थ तसा नाही. ‘राइट ऑफ’ म्हणजे बँकेने ते थकलेलं कर्ज आपल्या ताळेबंदातून बाजूला काढलं. कर्जदाराच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहतं आणि वसुली चालू ठेवायला बँक मोकळी असते. माफीसाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ हा वेगळा शब्द आहे. उद्या कुणी आपलं कर्ज ‘राइट ऑफ’ झालं असं ऐकून निर्धास्त बसला, तर दारात वसुलीचा माणूस आल्यावरच त्याला शब्दाचा अर्थ कळायचा.

नोकरीचं तर विचारूच नका. तलाठी भरतीच्या २०२३ च्या परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांतही वाक्प्रचार आणि जोडक्रियापदं हमखास असतात. एकेका मार्कावर जिथं निवड हुकते, तिथं ही बारीकसारीक गोष्ट राहत नाही.

पोरांचा दोष नाही

ही अडचण फक्त आपल्या पोरांची आहे असं मुळीच नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड काय जातं, तर क्रियापदामागे लागणारे हे छोटे शब्द, असं त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलंय. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव तर फार पुढचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकानंतर ते रूढ होत गेलं.

आपल्याकडे आणखी एक गोची आहे. आपलं इंग्रजी आलं ते कचेरीतून आणि पुस्तकातून. त्यामुळे आपल्या पोराला ‘पोस्टपोन’ येतं, ‘पुट ऑफ’ येत नाही. ‘टॉलरेट’ येतं, ‘पुट अप विथ’ येत नाही. ‘इन्व्हेस्टिगेट’ येतं, ‘लुक इनटू’ येत नाही. घरात कुणी ‘भोजन ग्रहण करा’ म्हणतं का? ‘जेवून घ्या’ म्हणतं. तसंच हे. इंग्रज माणूस घरात, बाजारात, कामावर जे बोलतो ते ‘जेवून घ्या’ जातीचं इंग्रजी. आपण शिकवतो ते ‘भोजन ग्रहण’ जातीचं. मग पोरगा निबंध लिहितो, पण मुलाखतीत साहेबाचा साधा प्रश्न त्याला कळत नाही.

२००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. चार वर्षं आधी सुरुवात झाली हे चांगलंच. पण जोडक्रियापदं मात्र बहुतेक ठिकाणी गाईडाच्या मागच्या पानावरच राहिली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ, अशी शंभर-दोनशेची यादी. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायची आणि पेपर टाकला की विसरायची. यादी पाठ करून कुणाला भाषा आली आहे काय? पोहण्याचं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारण्यासारखंच ते.

गावाला हे आधीच येतं

सांगायचा मुद्दा पुढंच आहे. ही जोडक्रियापदं आपल्या गावात कधीचीच येऊन बसली आहेत, फक्त शाळेला त्यांची दखल नाही.

एसटी घाटात बंद पडली की कंडक्टर म्हणतो, ‘गाडी ब्रेकडाऊन झाली’. वायरमन डीपीवर चढण्याआधी ‘शटडाऊन’ घेतो. बँकेत पैसे भरायला ‘पे-इन स्लिप’ लागते. दवाखान्यात ‘चेकअप’, लग्नात ‘मेकअप’, झेरॉक्सच्या दुकानात ‘प्रिंटआऊट’, शाळेच्या रजिस्टरात ‘ड्रॉपआऊट’. भाजीपाला मार्केटला जातो तो ‘पिकअप’मधून. इंजिनिअरिंगला गेलेली पोरं विषय राहिले की ‘कॅरी ऑन’ मागतात. २०२० साली तर ‘लॉकडाऊन’ शब्द शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत सगळ्यांना कळला. आणि क्रिकेट? ‘रनआऊट’ कुणाला शिकवावं लागलं का?

एवढंच काय, मराठी शाळेतलं पोर जे पहिलं पूर्ण इंग्रजी वाक्य बोलतं, ते ‘मे आय कम इन सर?’ त्यात ‘कम इन’ आहेच. मग ‘स्टँड अप’, ‘सिट डाऊन’. म्हणजे आपण पहिल्याच दिवशी तीन जोडक्रियापदं शिकवतो, तीही हातवारे करून, कृतीतून, आणि ती जन्मभर विसरत नाहीत. मग पुढं हीच रीत का सोडतो?

‘ब्रेकडाऊन’ येणाऱ्या पोराला ‘द बस ब्रोक डाऊन’ हे वाक्य शिकवायला पाच मिनिटं पुरे. ‘शटडाऊन’वरून ‘दे शट डाऊन द फॅक्टरी’. नाम म्हणून वापरलं तर शब्द एक आणि जोर पुढच्या भागावर: शट-डाऊन. क्रियापद म्हणून वापरलं तर शब्द दोन आणि जोर मागच्यावर: शट डाऊन. नामाचं घर बांधलेलंच आहे, फक्त क्रियापदाचा दरवाजा उघडायचा आहे.

मराठीचाच आधार घ्या

आणि ही तऱ्हा आपल्या मायबोलीला नवी आहे थोडीच! ‘लागणे’ हे एकच क्रियापद घ्या. भूक लागली, आग लागली, ठेच लागली, नोकरी लागली, दार लागलं, कणसं लागली. प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. परदेशी माणूस मराठी शिकायला बसला तर या ‘लागणे’पुढे हात टेकेल. आपल्याला त्रास होत नाही, कारण आपण ते यादीतून शिकलो नाही, आईच्या तोंडून ऐकत शिकलो.

तसंच ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक आहे. ‘टाक’ आलं की काम पुरतं संपलं पाहिजे. इंग्रजीत पुष्कळ ठिकाणी हेच काम ‘अप’ करतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव, ‘ड्राय अप’ म्हणजे आटून जा. विहीर आटून गेली: ‘द वेल ड्राइड अप’. गुरुजींनी एवढं एक सूत्र सांगितलं तर दहा शब्द आपोआप सुटतात.

बाकीच्यांचंही थोडंफार असंच आहे. ‘ऑफ’मध्ये बहुधा तुटणं, सुटणं असतं: कट ऑफ, स्विच ऑफ, पे ऑफ. सोसायटीचं कर्ज फेडून मोकळं होणं म्हणजे ‘पे ऑफ’. ‘डाऊन’मध्ये थांबणं, कमी होणं: ब्रेक डाऊन, स्लो डाऊन. ‘ऑन’मध्ये चालू राहणं: गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन. हे नियम दगडावरची रेघ नाहीत, अपवाद खंडीभर आहेत. ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणं आणि ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, हे सुटे शब्द जोडून कळणार नाही. ते वापरूनच अंगवळणी पाडावं लागतं. पण अंधारात चाचपडण्यापेक्षा हातात कंदील असलेला बरा.

एक नियम मात्र पक्का ध्यानात ठेवावा, परीक्षेत तो हमखास विचारतात. मोटार बंद कर, याला ‘स्विच ऑफ द मोटर’ आणि ‘स्विच द मोटर ऑफ’ ही दोन्ही वाक्यं चालतात. पण मोटारीऐवजी ‘ती’ म्हणायचं असेल तर ‘स्विच इट ऑफ’ असंच म्हणायचं. ‘स्विच ऑफ इट’ चुकीचं. ‘लुक आफ्टर’सारख्या जोड्या मात्र फुटत नाहीत. तिथं ‘लुक आफ्टर इट’च.

ऐकीव इंग्रजीचे काही खड्डेही आहेत, तेवढे चुकवावेत. ‘मी २०२२ ला पासआऊट झालो’ असं आपली पोरं सर्रास म्हणतात. इथं ते खपतं, पण परदेशी कंपनीच्या साहेबाला वाटेल की गडी तेव्हा चक्कर येऊन पडला होता. कारण तिकडे ‘पास आऊट’चा नेहमीचा अर्थ बेशुद्ध पडणं. ‘कोप अप विथ’ हेही आपलंच घरगुती उत्पादन. मूळ नुसतं ‘कोप विथ’. कर्जमाफीला ‘वेव्ह ऑफ’ म्हणतात, तिथंही ‘ऑफ’ जादाचाच.

खर्च शून्य, नेम हवा

उपाय सांगितल्याशिवाय टीका करू नये, म्हणून चार गोष्टी सुचवतो. यांना निधी लागत नाही, शासनाचा जीआर लागत नाही.

एक, शाळेच्या परिपाठात सुविचार असतो, दिनविशेष असतो. त्यासोबत फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक जोडक्रियापद लिहावं, आणि वाक्य गावातलंच असावं. ‘ग्रामसभा पुढे ढकलली’ याला ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’. ‘दादा म्हशी सांभाळतो’ याला ‘माय ब्रदर लुक्स आफ्टर द बफेलोज’. लंडनच्या पुलाचं वाक्य पोराच्या काय कामाचं?

दोन, वर्गात हुकूम इंग्रजीत द्यावेत आणि पोरांनी ते करून दाखवावेत. वही बाहेर काढा, ‘टेक आऊट’. आत ठेवा, ‘पुट अवे’. फळा पुसा, ‘रब ऑफ’. वह्या जमा करा, ‘हँड इन’. हात हलला की शब्द डोक्यात बसतो.

तीन, पोरांनी आपली वही करावी. गावात, बँकेत, बाटलीच्या लेबलावर, मोबाईलवर, क्रिकेटच्या कॉमेंटरीत जे जोडक्रियापद दिसेल ते टिपायचं. लॉग इन, साइन अप, स्क्रोल डाऊन, बॅकअप असे शब्द मोबाईलवर रोज डोळ्यांसमोर असतात. आठवड्याला पाच झाले तरी वर्षात अडीचशे होतात. गाईडाच्या यादीपेक्षा ही यादी मोठी, आणि शिवाय स्वतःची.

चार, जी ताई-दादा मंडळी शिकून बाहेरगावी नोकरीला आहेत, ती दिवाळीला, यात्रेला गावी येतातच. त्यांनी एक संध्याकाळ समाजमंदिरात बसून या पोरांशी इंग्रजीत गप्पा माराव्यात. भाषण नको, गप्पा. चुकलं तर हसायचं नाही, एवढी एकच अट.

गुरुजींवर आधीच जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण असं ओझं आहे, हे मान्य. पण वरच्यापैकी एकही काम दिवसाला दहा मिनिटांपेक्षा जास्त मागत नाही. आणि पालकांनीही एक ध्यानात घ्यावं. पिवळ्या बसमध्ये बसवून पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडलं म्हणजे हे आपोआप येतं, असं नाही. यादी तिथंही पाठच करून घेत असतील तर ती तिथंही विसरलीच जाणार.

पोराचं मराठी पक्कं असेल, त्याचे कान उघडे असतील आणि बोलायची भीड चेपली असेल, तर झेडपीच्या शाळेतला पोरगाही विम्याचा अर्ज, बँकेची नोटीस आणि भरतीचा पेपर स्वतः वाचून स्वतः समजून घेईल. दुसऱ्याच्या हाता-पाया पडून कागद वाचून घ्यायची पाळी त्याच्या बापावर आली असेल, त्याच्यावर येऊ नये. इंग्रजी शिकवायचं ते यासाठी. येत्या सोमवारच्या परिपाठाला फळ्याच्या कोपऱ्यात पहिला शब्द लिहायला काय हरकत आहे?