एडिटर आपल्या हाताला बसवून घेताना

गेल्या महिन्यात आमच्या घरी मगरिबच्या सुमारास वीज गेली आणि लेकीला रडू आवरेना. ती पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड तास साध्या नोटपॅडमध्ये लिहिलेला पायथनचा प्रोग्रॅम एका क्षणात गेला. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला, बॅटरी केव्हाच संपलेली. वायर निघाली की पडदा काळा. नवी बॅटरी घ्यायची तर महिन्याच्या किराण्याला हात लावावा लागतो. राहात्यात वीज जाणे काही नवे नाही, पण पोरीने सेव्ह का केले नाही म्हणून आम्ही तिच्यावरच ओरडलो, हे आमचे चुकलेच.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अब्बा, सर सांगतात तो एडिटर टाकून बघू या." तो म्हणजे व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणला, फुकट आहे, विंडोजवर चालतो तसा लिनक्सवरही. फाइल सेव्ह केली नसली तरी लिहिलेल्या मजकुराची प्रत तो मागे आपोआप ठेवत जातो आणि पुन्हा उघडल्यावर समोर आणून ठेवतो. त्यावर फाइल मेनूतले 'ऑटो सेव्ह' सुरू करावे. मग नाव दिलेली फाइल, हात थांबला की सेकंदाभरात सेव्ह होते. घरात एवढे एकच काम केले तरी पुरे. लॅपटॉप फारच जुना असेल तर नोटपॅड प्लस प्लस घ्या. तो हलका आहे, आणि न सेव्ह केलेल्या मजकुराची प्रत तोही दर काही सेकंदांनी ठेवतो.

पुढची कामे आमच्या डोळ्यांसाठी. कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबला की सेटिंग उघडते. तिथे 'फॉन्ट साइज' शोधून आम्ही १४ चे १८ केले. चाळिशी ओलांडलेल्यांनी यात लाज बाळगू नये. उजवीकडे कोडचा जो बारीक नकाशा दिसतो तो 'मिनीमॅप' बंद केला, जागा मोकळी झाली. लांब ओळ पडद्याबाहेर पळते, ती ऑल्ट आणि झेड दाबले की खाली वळते. मराठी लिहिताना वेलांट्या नि उकार वरच्या-खालच्या ओळींना चिकटतात, म्हणून 'लाइन हाइट' १.६ केली. फॉन्टच्या यादीत इंग्रजी फॉन्टनंतर 'नोटो सान्स देवनागरी' लिहिला. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मात्र शिवाजी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये आहेत. त्या इथे उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो. त्यांचे आधी युनिकोड करावे लागते.

उर्दूत आमची निराशा झाली. हा एडिटर डावीकडून उजवीकडे चालतो. उर्दू अक्षरे दिसतात, पण वाक्याचा पूर्णविराम नि कंस भलत्याच टोकाला जाऊन बसतात, आणि मध्येच इंग्रजी शब्द आला की विचारू नका. उर्दूची प्रश्नपत्रिका आम्ही अजून लिबरऑफिसमध्येच करतो, तिथे उजवीकडून परिच्छेद सुरू करता येतो. प्रत्येक कामाला हेच एक हत्यार वापरा असे आम्ही म्हणणार नाही.

हजेरीपटावरच्या नावांच्या यादीला मात्र याचा फार उपयोग झाला. आपल्या मुलांची नावे पाहा : सय्यद, सैय्यद, सैयद, मोहम्मद, मुहम्मद, महंमद. शोधायला घातले की यादीत कुठे काय लिहिले आहे ते एका नजरेत कळते. 'सगळे बदला' हे बटण मात्र दाबू नका. दाखल्यात एक, आधारवर दुसरे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात तिसरे नाव पडले की मूल आणि आईबाप चकरा मारत राहतात. एकेक नाव कागद पाहूनच दुरुस्त करावे. आम्ही तसे करतो, वेळ लागतो.

एक्स्टेन्शन नावाची जोड हजारोंनी मिळते. लेकीने पहिल्याच दिवशी अकरा टाकली आणि लॅपटॉप दमला. आता फक्त पायथनचे आहे. ही जोड आपल्या फाइली वाचू शकते, म्हणून बनवणारा कोण ते पाहूनच घ्यावी.

काळा पडदा की पांढरा, यावरून दोन दिवस कुरबुर चालली. शेवटी 'प्रोफाइल' सापडले. एकाच एडिटरमध्ये तिचे वेगळे, आमचे वेगळे. तिचा काळा, आमचा पांढरा.

परवा पुन्हा वीज गेली. आम्ही स्वयंपाकघरात मेणबत्ती शोधत होतो. लेक आतून म्हणाली, "राहू द्या अब्बा, काही गेलेले नाही," आणि अंधारातच पेरू कापायला बसली.