शांत राहणे आणि मुकाट बसणे



'गावात शांतता आहे, ती बिघडवू नका.' हे वाक्य आपणांपैकी कोणी ऐकले नाही? पाणवठ्यावरून, विहाराच्या जागेवरून अथवा जयंतीच्या मिरवणुकीवरून तंटा उभा राहिला की प्रथम हाच उपदेश आपल्या वाट्यास येतो. वकिलीच्या धंद्यात मजकडे येणारे पक्षकारही पुष्कळदा तोच उपदेश पाठ करून आलेले असतात. म्हणून आज ह्या 'शांतता' शब्दाचीच उलटतपासणी करावयाची आहे.

'शांत' हा शब्द संस्कृतातील 'शम्' धातूपासून झाला. शमणे म्हणजे निवणे. वादळ शमते, तहान शमते, आग शमते. पालीत ह्याचीच रूपे 'सन्त' आणि 'सन्ति' अशी आहेत. चित्ताच्या निवलेपणास पाली 'समथ' म्हणते. काही पेटलेले होते आणि ते विझले, हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. निखाऱ्यावर राख लोटली म्हणजे तो शमला असे होत नाही. भगवान बुद्धांनी राग, द्वेष व मोह ह्यांना आग म्हटले. जेथे द्वेष जळतच आहे, तेथे शांतता आहे असे कसे म्हणावे?

दुसरा शब्द 'मौन'. मुनीची वृत्ती ते मौन. परंतु केवळ न बोलण्याने अज्ञानी मनुष्य मुनी ठरत नाही, असा विचार धम्मपदाच्या 'धम्मट्ठवग्गा'त आलेला आहे. मौनाला विवेकाची जोड हवी.

तिसरा शब्द 'मूक'. आपले 'मुकाट्याने' हे त्याच कुळातले. मुनी बोलू शकतो, पण बोलत नाही. मूक त्याला म्हणतात, ज्याला वाचाच नाही. डॉ. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. आपली स्थिती मौनाची नसून वाचा हिरावल्याची आहे, हे त्या एका नावाने सांगितले.

'तुम्ही इतकी वर्षे बोलला नाहीत, म्हणजे तुमची संमतीच होती,' असाही युक्तिवाद कोणी करील. त्याला उत्तर भिक्षुसंघाच्या विनयात आहे. उपसंपदेचा ठराव संघापुढे मांडून तीन वेळा पुकारला जातो. ज्याला तो मान्य असेल त्याने स्तब्ध राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असे प्रत्येक वेळी सांगितले जाते. त्यानंतरच्या स्तब्धतेस संमती समजतात. बोलण्याची मुभा प्रथम, स्तब्धतेचा अर्थ नंतर! ज्या चावडीवर आपल्या आजोबांना पायरी चढता येत नव्हती, तेथील त्यांच्या स्तब्धतेला संमती म्हणणे न्यायाचे आहे काय?

मग आपण कसे वागावे? महाड डोळ्यांपुढे आणा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी प्रतिहल्ला करू दिला नाही. पण तळ्यावरील हक्कही सोडला नाही. विरोधकांनी दावा लावला, तो त्यांनी लढविला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ते शांत राहिले. मुकाट बसले नाहीत.

आजचा कायदाही हाच भेद ओळखतो. संविधानाचा अनुच्छेद १९ शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क देतो. शांततेसाठी घरात बसा, असे तो म्हणत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याच्या बंधपत्राबद्दल कार्यकारी दंडाधिकाऱ्याची नोटीस आली, तर घाबरून अंगठा उठवू नका. ती नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. बंधपत्र का घेऊ नये, हे सांगण्याची ती संधी आहे. आपल्याविरुद्ध काय माहिती मिळाली, ह्याचा सारांश आदेशात असावा लागतो. तो वाचून घ्या, वकिलाचा सल्ला घ्या आणि लेखी उत्तर द्या.

बंधुभगिनींनो, घरी मुलांना 'शांत राहा' असे अवश्य सांगा. पण त्याचा अर्थही सांगा. राग विझवावा, हात आवरावा, अर्ज मात्र लिहावा. द्वेष शमवणे हा आपला धम्म आहे. अन्याय मुकाट्याने गिळणे हा नव्हे.