आईच्या कर्जाचा कॉम्प्युटर



वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली रिकामी करताना माळ्यावरून एक पत्र्याचा डबा निघाला. आत जुनी लाइट बिलं, माझं टायपिंगचं सर्टिफिकेट, पतपेढीचं कर्ज फिटल्याचा दाखला आणि एक काळी फ्लॉपी. फ्लॉपीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘आई – ७ डिसेंबर’. मुलीने विचारलं, "पप्पा, यात काय आहे?"

ते सांगायचं तर १९९७ सालात जावं लागतं. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची सरकारी परीक्षा पास होतो, पण मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न, "कॉम्प्युटर येतो का?" क्लासला फी भरूनही आठवड्यात तीनच तास मशीन मिळे, तेही दोघांत एक. अशात कळलं की फोर्टातलं एक ऑफिस जुनी मशीनं काढतंय. ४८६, आठ एमबी रॅम, चौदा इंची मॉनिटर आणि सोबत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, सगळं मिळून २२,००० रुपये.

आई महापालिकेत झाडूखात्यात होती. ती पतपेढीतून कर्ज काढते म्हणाली आणि घरात भांडण पेटलं. बाबा गिरणी कामगार. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती कायमचीच, पुढे वॉचमनकी केली. ते म्हणाले, "नवं यंत्र आलं की चार माणसांचं काम एकावर यायचं, बाकीचे तिघं रस्त्यावर. तेच यंत्र तू कर्ज काढून घरात आणतोस?" त्यांचं अगदीच चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

आईने वाद घातला नाही. कर्जाला दोन जामीन लागत होते. तिच्याच चौकीवरच्या दोन बायका उभ्या राहिल्या. दोघींनी कॉम्प्युटर कधी पाहिलेला नव्हता. "पोराच्या नोकरीचं मशीन आहे," एवढ्यावर त्यांनी सह्या केल्या. पुढे तीन वर्षं हप्ता कापूनच आईच्या हातात पगार आला. त्या काळात तिने स्वतःला साडी घेतल्याचं मला आठवत नाही.

टॅक्सीतून मॉनिटर मांडीवर घेऊन आलो तेव्हा अर्धी चाळ गॅलरीत उभी होती. १६० चौरस फुटांत सहा माणसं, त्यात हे नवं बिऱ्हाड. शेवटी कपाट हलवून बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली जागा केली. शेजारच्या एक मावशी हळदीकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. आईने त्यांना चहा पाजला आणि नारळाची संध्याकाळी चटणी केली. आम्ही मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील घेतलं आणि बटण दाबलं. दोन दिवसांनी बाबांनी काही न बोलता मशीनसाठी एक खोळ शिवून आणली. गिरणीतून मिळालेला लठ्ठा त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता, त्याची.

खरी कुस्ती मराठीची होती. त्या विंडोजमध्ये मराठी लिहायची सोयच नव्हती, वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागे. कीबोर्डही टाइपरायटरपेक्षा निराळा. काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘ज’ इंग्रजी ‘पी’च्या जागी, ‘भ’ शिफ्ट धरून ‘वाय’च्या जागी. ‘जयभीम’ न अडखळता उमटायला मला आठवडा लागला. मग मात्र चाळीतले बायोडाटे, मंगल परिणयाच्या पत्रिकांचे मजकूर आणि बावीस प्रतिज्ञांची पत्रकं आमच्याकडेच होऊ लागली. रात्री प्रिंटर करवतीसारखा ओरडे, तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका काठी आपटत. त्यांच्या मुलीची पत्रिका आम्हीच केली, त्यानंतर काठी थांबली. नोकरीही लागली, पण ती पुढच्या वर्षी.

१९९८ च्या डिसेंबरात आई चैत्यभूमीजवळची ड्यूटी करून रात्री घरी आली. पाय गरम पाण्यात सोडून म्हणाली, "मी सांगते ते त्यात लिही." आई दुसरी शिकलेली. ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. ७ डिसेंबर १९५६. ती सहा वर्षांची. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला आजोबांनी तिला खांद्यावर घेऊन नेलं. माणसांचा समुद्र, रडण्याचा आवाज, दादरची चौपाटी. तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली, ती सगळी हकीकत. चार पानं झाली. छापून दिली तेव्हा तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. चौकीवरच्या त्या दोघींना तिने एकेक प्रत दिली.

मुलीने कुठूनसा फ्लॉपी वाचायचा डबा मिळवला. फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरच्या खुणा. मराठीचा पत्ता नाही. तेव्हाचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोडमध्ये ‘अ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि मोबाइलवर मराठी चालू लागली, पण ते सगळं आमच्या हाती नंतर आलं. मी तर हिरमुसलोच. आईने मात्र उशाखालची पिशवी काढली. चारही पानं त्यात होती, शाई फिकी झालेली.

आता रोज जेवणानंतर नात मोठ्याने वाचते आणि मोबाइलवर उतरवते. आई पंचाहत्तर ओलांडून गेली आहे, पण चूक लगेच पकडते. परवा दीक्षेचा भाग आला. ‘मी हात जोडून प्रत्येक शब्द ऐकला’ असं वाक्य होतं. आईने नातीचा हात धरला.

"ते खोटं आहे गं. मी आबांच्या खांद्यावर झोपले होते. घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. तुझा बाप इतक्या मन लावून टाइप करत होता, मला सांगवेना."

नात माझ्याकडे बघू लागली.

"काय बघतेस त्याच्याकडे? पूस ते," आई म्हणाली, "आणि झोपले होते असं लिही."