डिकीतली स्टेपनी कुणी नेली?

नवी मोटार दारात आली की आपल्याकडे आधी तिची पूजा होते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, शेजाऱ्यांना पेढे आणि मग घरातल्या सगळ्यांना घेऊन एक लहानशी फेरी. रंग, काचेचे छप्पर, समोरच्या पडद्यावरचा नकाशा हे सारे पाहून झाले की एखादे अनुभवी काका डिकी उघडतात, खालची चटई वर करतात आणि विचारतात, "अरे, हिची स्टेपनी कुठे आहे?" या प्रश्नाला अलीकडे बऱ्याच घरांत एकच उत्तर मिळते. "आता स्टेपनी येत नाही काका, किट येते." किट म्हणजे चिकट द्रावाची एक बाटली आणि जेवणाच्या डब्याएवढा हवा भरायचा पंप. काका बाटली उलटसुलट करून पाहतात, काही बोलत नाहीत आणि चटई पूर्ववत करतात.

सगळ्याच गाड्यांची स्टेपनी गेलेली नाही, हे आधी सांगायला हवे. पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक मध्यम किमतीच्या गाड्यांत ती अजून असते. कधी पूर्ण मापाची, तर कधी इतर चार चाकांहून बारीक, केवळ गॅरेजपर्यंत पोचवण्यापुरती. पण विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत आणि काही महागड्या परदेशी बनावटीच्या गाड्यांत ती नाहीशी झाली आहे. जिथे सीएनजीच्या टाक्यांनी डिकी अडवली, तिथे काही उत्पादकांनी पाचवे चाक गाडीच्या पोटाखाली लटकवून तोडगा काढला. म्हणजे जागा शोधली तर सापडते. मग पाचवे चाक द्यायचे की नाही, हे कोण ठरवते आणि ते नसल्याचा भुर्दंड कुणाला पडतो, हा खरा प्रश्न आहे.

गंमत अशी की मोटारीचा जन्म झाला तेव्हा स्टेपनी नव्हतीच. विसाव्या शतकाच्या आरंभी रस्त्यांवर मोटारींपेक्षा घोडे अधिक होते आणि घोड्यांच्या नालांचे खिळे सर्वत्र विखुरलेले असत. टायर पंक्चर झाला की तो चाकावरून तिथेच उतरवायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचे आणि सारे पुन्हा चढवायचे, असा तास-दोन तासांचा उद्योग असे. वेल्समधील लानेथ्ली गावात वॉल्टर आणि टॉम डेव्हिस या भावांनी १९०४ साली यावर एक उपाय काढला. आऱ्या नसलेले, फक्त धावेचे आणि हवा भरलेल्या टायरचे एक कडे त्यांनी तयार केले. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ते चापांनी आवळून बसवायचे आणि पुढे निघायचे. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. त्या रस्त्याचे नाव चाकाला लागले आणि साहेबाबरोबर ते जगभर गेले. खुद्द इंग्लंडात आज हा शब्द कुणी वापरत नाही. आपल्याकडे मात्र तो ट्रकच्या क्लीनरपासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. ब्राझीलमधले लोकही जादा चाकाला 'इश्टेपी' म्हणतात ते याच रस्त्याच्या पुण्याईने. मराठीत तर राखीव खेळाडूलाही आपण थट्टेने स्टेपनी म्हणतो. इतका मुरलेला शब्द उरेल आणि वस्तू जाईल, अशी आता चिन्हे आहेत.

ही वस्तू जाण्याची वाट कायद्यानेच मोकळी केली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. चालकासह नऊपर्यंत आसने आणि साडेतीन टनांपर्यंत वजन असलेल्या मोटारीला ट्यूबलेस टायर असतील, टायरमधील हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचे किट दिलेले असेल, तर जादा चाकाची आवश्यकता नाही, असा तिचा आशय. गाडीत जागा वाढेल आणि विजेच्या गाड्यांना मोठी बॅटरी बसवता येईल, हे लाभही सरकारने त्या वेळी सांगितले होते.

या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. ट्यूब असलेल्या टायरमध्ये खिळा घुसला की हवा क्षणात जाते आणि गाडी हेलकावे खाते. ट्यूबलेस टायरचे रबर खिळ्याभोवती आवळून बसते; हवा हळूहळू जाते आणि पुष्कळदा जवळच्या गावापर्यंत पोचता येते. दाबाची सूचना देणारी यंत्रणा तर खरोखरच उपकारक आहे. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीचे लाखो सदोष टायर परत घ्यावे लागले, त्या प्रकरणात अडीचशेहून अधिक माणसे दगावली होती. त्यानंतर झालेल्या कायद्यामुळे तिथे ही यंत्रणा प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. हवा कमी असलेला टायर वेगात तापतो आणि फुटतो. तो तापण्याआधीच समोर दिवा लागत असेल, तर त्यासारखी चांगली गोष्ट नाही.

आणखी एक बाजू आहे, ती पुरुष लेखक सहसा विसरतात. जॅक लावून, पान्यावर उभे राहून घट्ट बसलेले बोल्ट सैल करायचे, पंधरा-वीस किलोंचे चाक उचलून बसवायचे, हे काम सोपे नाही. संध्याकाळी नोकरीवरून एकटी परतणारी स्त्री, साठी उलटलेले जोडपे, कंबरदुखीने बेजार झालेला गृहस्थ यांच्यासाठी डिकीत चाक असले काय आणि नसले काय, सारखेच. ज्यांना ते बदलता येते त्यांच्यातले तरी कितीजण वर्षातून एकदा स्टेपनीतली हवा तपासतात? ऐन वेळी काढलेली स्टेपनीच चपटी निघाल्याच्या कहाण्या प्रत्येक कुटुंबात आहेत. या साऱ्यांना बाटली आणि पंप हा अधिक सुटसुटीत मार्ग वाटला तर नवल नाही.

पण ही बाटली नेमके काय करू शकते, हे विक्रेत्याच्या दालनात कुणी सांगत नाही. टायरचा जो पट्टा रस्त्याला टेकतो, त्यात खिळा किंवा स्क्रू शिरून पडलेले लहान छिद्र, साधारण पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचे, ती बुजवते. त्यासाठी खिळा उपटून काढायचा नसतो; तो तिथेच ठेवून द्राव आत सोडायचा, हवा भरायची, थोडे अंतर गाडी चालवून द्राव आत सगळीकडे पसरू द्यायचा आणि पुन्हा दाब पाहायचा. त्यानंतरही वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत ठेवून टायरच्या दुकानापर्यंत जायचे, एवढीच तिची मर्यादा. एकदा वापरली की बाटली संपली, नवी विकत घ्यायची. दुकानातला कारागीरही तो टायर उघडताना कुरकुरतो, कारण आतला चिकट राडा पुसल्याखेरीज त्याला आतून ठिगळ लावता येत नाही.

टायरची बाजू फाटली असेल तर मात्र बाटली अगदी निरुपयोगी. टायर रिमवरून निखळला किंवा रिमच वाकली, तरीही तेच. आणि आपल्या रस्त्यांवर नेमके हेच जास्त घडते. खिळ्यासाठी पंक्चरवाला पुरेसा असतो. गाडी रस्त्यात आडवी पाडतो तो पावसाच्या पाण्याने भरलेला, काठ धारदार झालेला खड्डा. त्यात नव्या गाड्यांची फॅशन मोठ्या रिमची आणि बुटक्या टायरची आहे. रिम मोठी तेवढी टायरची बाजू आखूड, आणि बाजू आखूड तेवढा धक्का सोसण्याचा वाव कमी. खड्ड्याच्या काठावर चाक आदळले की ती रिम आणि काठ यांच्यात चिमटली जाते आणि चिरते. म्हणजे ज्या गाड्यांतून स्टेपनी काढली, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना टायरही असे दिले आहेत की ज्यांना बाटलीचा उपयोग सर्वांत कमी.

अमेरिकेने हा अनुभव आपल्या आधी घेतला. तेथील अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारचालकांच्या जुन्या संघटनेने २०१५ साली पाहणी केली, तेव्हा २००६ सालच्या मॉडेलांपैकी ५ टक्के गाड्यांत स्टेपनी नव्हती आणि २०१५ च्या मॉडेलांपैकी ३६ टक्के गाड्यांत नव्हती, असे आढळले. इंधनाची बचत हे तिथले कारण. तीस पौंडांचे चाक काढून चार पौंडांचे किट ठेवायचे आणि कागदावर गाडी थोडी कमी पेट्रोल पिते असे दाखवायचे. संघटनेने किटची चाचणी घेऊन सांगितले, की ही बचत नगण्य आहे आणि किट काही ठरावीक परिस्थितीतच उपयोगी पडते. उत्पादकांनी स्टेपनी काढणे थांबवावे. ज्या देशात महामार्गावर दूरध्वनी केला की मदतीची गाडी येणे ही सवयीची गोष्ट आहे, तिथल्या चालकांची ही तक्रार होती.

आपल्याकडे काय स्थिती आहे, त्यासाठी समृद्धी महामार्गाचे उदाहरण बोलके आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, गावे बाहेर, आणि आत शिरायला-बाहेर पडायला ठरावीक ठिकाणे. जुन्या नागपूर रस्त्यावर दर दहा-पंधरा मैलांवर एखादे 'केरला टायर वर्क्स', पिंपळाखाली टांगलेले जुने टायर आणि रात्रीही जाग असलेला एखादा मल्याळी किंवा बिहारी कारागीर भेटे. नव्या रस्त्याने वेग दिला, पण ही माणसे कुंपणापलीकडे राहिली. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री वाशीम जिल्ह्यात मालेगाव ते वनोजा टोलनाक्यादरम्यान रस्त्यावर पडलेल्या लोखंडी पत्र्यामुळे पन्नासहून अधिक वाहनांचे टायर पंक्चर झाले आणि प्रवासी थंडीत अडकून पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात काँक्रीटमधील भेगा बुजवण्यासाठी रस्त्यात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून काही मोटारी गेल्या आणि त्यांचे टायर बसले. अशा वेळी दोन-दोन चाके गेली तर एक स्टेपनीही पुरत नाही, हे खरेच. पण एकच टायर फाटलेल्या कुटुंबाला स्टेपनीमुळे वीस मिनिटांत निघता येते आणि बाटलीवाल्याला गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकची वाट पाहावी लागते. विजेच्या गाडीला तर ट्रकही सपाट पाठीचाच लागतो. पुढची चाके उचलून मागची फरफटत नेणे अशा गाड्यांना चालत नाही. ट्रक आला तरी नेमक्या मापाचा टायर जिल्ह्याच्या गावी रविवारी मिळेलच, असे नाही.

उत्पादक म्हणतात, आम्ही रस्त्यावरील मदतीची योजना देतो, दूरध्वनी करा. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा क्रमांकही आहे. मदत मिळत नाही असे कुणी म्हणत नाही. ती किती वेळात मिळेल, याचे लेखी आश्वासन मात्र सहसा नसते. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर अर्ध्या तासात येणारा माणूस आंबोली घाटात, भामरागडच्या रस्त्यावर किंवा फोनला रेंजच नसलेल्या कोकणातल्या वळणावर केव्हा येणार? पूर्वी ही जबाबदारी चालकाची होती आणि तिचे साधनही त्याच्याच डिकीत होते. आता जबाबदारी चालकाचीच राहिली आहे, साधन मात्र दुसऱ्याच्या हाती गेले आहे. चाक, टायर, जॅक आणि पाना यांचे पैसे उत्पादकाचे वाचले, गाडीचे वजन घटले, जाहिरातीत डिकीचे लिटर वाढले. त्याबदली किंमत किती उतरली, हे कुठल्याही किंमतपत्रकात वेगळे दाखवलेले नसते.

नियमाने स्टेपनी देण्यास बंदी घातलेली नाही. न देण्याची परवानगी दिली आहे. ज्याची गाडी शहराबाहेर पडतच नाही त्याला बाटली पुरे. ज्याला दर महिन्याला गावी आईवडिलांकडे जायचे आहे, त्याला पाचवे चाक हवे असेल. ही निवड खरेदीच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवी. गाडीत स्टेपनी आहे की नाही, असल्यास पूर्ण मापाची की बारीक, हे माहितीपत्रकात तळटीपेत न छापता मायलेजच्या शेजारी छापायला काय हरकत आहे? ज्या गाड्यांच्या डिकीत चाकापुरता खळगा आहे, त्यांच्यासाठी ग्राहक हल्ली बाहेरून रिम आणि टायर विकत घेतात, जॅक वेगळा घेतात. खळगाच नसेल तर ते चाक सामानाच्या जागेत आडवे पडते आणि बॅगा मुलांच्या पायाशी येतात.

राहता राहिली ती बाटली. तिच्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. द्राव साधारण चार-पाच वर्षांनी घट्ट होतो आणि निकामी ठरतो. नियम बदलल्यानंतर पहिल्या एकदोन वर्षांत ज्या गाड्या किटसह विकल्या गेल्या, त्यांतल्या बाटल्यांची मुदत एव्हाना संपली असावी. पीयूसीवाला धूर तपासतो, विमेवाला कागद पाहतो. सर्व्हिसिंगच्या यादीत तेल, फिल्टर, ब्रेक सारे असते. या बाटलीची ओळ तिथे क्वचितच दिसते. खासगी मोटारीला सरकारी तपासणीसाठी उभे राहावे लागते ते थेट पंधराव्या वर्षी.