परराज्यातील भाड्याचे घर : पाण्याचा आणि विजेचा हिशेब

काळी नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपणा मंडळींना पाणी आणि वीज यांचे मोल नव्याने सांगावयास नको. सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपे गाव बुडाले आणि विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगरला नवा संसार मांडला. त्याच पाण्यावर अंबिकानगरजवळच्या नागझरी वीजगृहाची चक्रे फिरतात आणि साऱ्या राज्याला वीज मिळते. कुळगीचा परिसर व्याघ्रप्रकल्पात असल्यामुळे येथे नव्या इमारती उभारण्याचा विचार कोणी करीत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे शिलकीचा पैसा घरात गुंतवावयाचा झाला, तर आपल्यापैकी बहुतेकांची दृष्टी राज्याची सीमा ओलांडून पुण्याकडे वळते. मुले तेथे शिकतात, नातेवाईक तेथे आहेत, भाषा आपली आहे. अलीकडे तर एका सदनिकेवर न थांबता चार-सहा बिऱ्हाडांची लहानशी इमारतच विकत घेण्याकडे अनेक व्यवसायबंधूंचा कल दिसतो. त्यांच्यासाठी हा लेखप्रपंच.

माझे मत प्रथमच स्पष्टपणे मांडतो. अशा इमारतीचा व्यवहार फायद्याचा ठरणार की नाही, हे भाड्याच्या आकड्यापेक्षा पाणी आणि वीज यांच्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. आणि त्या व्यवस्थेचा नियम एकच असावा : ज्याच्या हाती चावी, त्याच्या माथी खर्च.

प्रथम विजेचे पाहू. खोलीतले दिवे, पंखे, गिझर यांची बटणे भाडेकरूच्या हाती असतात; म्हणून ते बिल त्यानेच, त्याच्या स्वतंत्र मीटरप्रमाणे भरावे. जुन्या इमारतींत अनेकदा एकच मीटर असतो आणि मालक बिलाची वाटणी करतो. यात दुहेरी नुकसान आहे. महावितरणचे घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जातात व पहिली पायरी शंभर युनिटांची आहे. सहा कुटुंबे प्रत्येकी शंभर युनिटे वापरीत असतील, तर स्वतंत्र मीटरवर सारीच पहिल्या पायरीत राहतात. एकाच मीटरवर मात्र सहाशे युनिटे होतात आणि वापराचा मोठा भाग चढ्या दराने मोजला जातो. शिवाय काटकसर करणाऱ्याला उधळ्या शेजाऱ्याचा भार सोसावा लागतो. काही मालक पोटमीटर बसवून मूळ दरापेक्षा अधिक आकारणी करतात. तसे करू नये. २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार वीज वितरणाचा वा विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही.

राज्य बदलले की नियमही बदलतात, हे विसरून चालत नाही. कर्नाटक शासनाने २०२३ साली गृहज्योती योजनेतून दरमहा दोनशे युनिटांपर्यंतची सवलत दिली तेव्हा ती भाडेकरूंनाही लागू केली. आपल्याकडचा भाडेकरू त्यामुळे वीजबिलाविषयी निश्चिंत असेल. पुण्यातल्या भाडेकरूचा हिशेब निराळा आहे. खरेदीपूर्वी प्रत्येक मीटरची थकबाकी तपासावी, हेही ओघाने आलेच. २०२३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान प्रकरणात असा निर्वाळा दिला की, नियमांत तरतूद असल्यास जुन्या मालकाची वीज थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते.

जिने, गच्ची आणि पंप यांची वीज मात्र मालकाची. येथे लहान गोष्टींतून मोठी बचत होते. जिन्यातले साठ वॅटचे सहा दिवे रोज बारा तास जळले, तर महिन्याला सुमारे एकशे तीस युनिटे लागतात. नऊ वॅटचे एलईडी दिवे लावले तर वीसच्या आत भागते. पंपाला टाकी भरताच आपोआप बंद होण्याची सोय केली, तर वीज आणि पाणी दोन्ही वाचते.

आता पाणी. या बाबतीत माझे मत प्रचलित रीतीहून वेगळे आहे. टँकरचा खर्च भाडेकरूंवर समान वाटून टाकावा, असे बहुतेक मालक मानतात. मला ते मान्य नाही. पाणी कोठून घ्यावयाचे, टाकी केव्हा धुवावयाची, गळका नळ केव्हा बदलावयाचा, हे सारे मालक ठरवितो. चावी त्याच्या हाती, तेव्हा खर्चही त्याचा. तो भाडे ठरवितानाच हिशेबात धरावा आणि तसे करारात स्पष्ट लिहावे.

एक उदाहरण घेऊ. सहा बिऱ्हाडे, प्रत्येकी चार माणसे, माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे सर्वमान्य प्रमाण. म्हणजे रोज ३,२४० लिटर पाणी झाले. उन्हाळ्याचे चार महिने सारे पाणी विकत घ्यावे लागले, तर दहा हजार लिटरचे सुमारे ३९ टँकर लागतील. एक टँकर समजा १,२०० रुपयांचा धरला, तर खर्च ४६,८०० रुपये. दर बिऱ्हाडाचे भाडे बारा हजार असेल, तर महिन्याचे एकूण भाडे ७२,००० होते. अर्थात जवळजवळ वीस दिवसांचे भाडे एकट्या टँकरपायी जाते. त्यात एखाद्या संडासाची फ्लशची टाकी मिनिटाला अर्धा लिटर गळत असेल, तर दिवसाला ७२० लिटर पाणी वाहून जाते. पाच माणसांच्या वाट्याहून अधिक! या गळतीची दुरुस्ती स्वस्त असते, पण ती कोणीतरी पाहावी लागते. पाणी फुकट मिळाले तर भाडेकरू उधळपट्टी करतील, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाच्या नळजोडणीवर साधा जलमापक बसवावा. नेहमीच्या प्रमाणाहून वापर फार वाढला, तरच जादा आकार घ्यावा. अमेरिकेतील जुन्या इमारतींतही हाच प्रश्न उबेच्या बाबतीत दिसतो. एकाच बॉयलरची ऊब भाड्यातच मिळत असेल, तर खोली फार तापली म्हणून भर हिवाळ्यात खिडकी उघडणारा भाडेकरू तेथेही असतोच.

पाण्याचा भार मालकाने उचलावा असे मी म्हणतो, त्यामागे केवळ पैशाचा विचार नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलाँ-बारे आजाराची साथ आली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली, काहींचे प्राण गेले, आणि रुग्णांत मुलेही होती. दूषित पाण्यातून होणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूचा संसर्ग हे त्यामागचे प्रमुख कारण मानले गेले. ज्या उपनगरांत आपण गुंतवणूक करू पाहतो, त्यांतलीच ही ठिकाणे. टँकरचे पाणी स्वस्त पडले म्हणून कोठलेही घेणारा, वर्षानुवर्षे टाकी न धुणारा मालक जर स्वतः डॉक्टर असेल, तर त्याला काय म्हणावे? सकाळी ओपीडीत मातांना पाणी उकळून पाजण्याचा सल्ला द्यावयाचा आणि सायंकाळी टाकीसफाईचा खर्च टाळावयाचा, हे आपल्या व्यवसायाला शोभणारे नाही. टाकी ठराविक काळाने धुतली जावी, तिचे झाकण घट्ट असावे, नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा, एवढे तरी आपण पाहिलेच पाहिजे. उघडी टाकी म्हणजे डेंग्यूच्या डासाचे माहेरघर, हे बालरोगतज्ज्ञाने सांगण्याची गरज नाही.

दूर अंतरावरून हे सारे कसे सांभाळावे? पुणे येथून सुमारे चारशे किलोमीटर. वारंवार जाणे शक्य नाही, म्हणून एका विश्वासू स्थानिक माणसास दरमहा मानधन द्यावे. दर महिन्याच्या एक तारखेस त्याने सर्व मीटरांची छायाचित्रे मोबाइलवर पाठवावीत. ग्राहक क्रमांकावरून वीजबिले घरबसल्या पाहता येतातच. हे आकडे वहीत ओळीने मांडावेत. बाळाच्या वजनाचा तक्ता आपण पाहतो तेव्हा एका आकड्यापेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची मानतो; येथेही तसेच. रेषा अकारण वर गेली की गळती शोधावी.

कायद्याचेही भान असावे. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करून तो कपाटात ठेवण्याची रीत आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सच्या करारासह प्रत्येक भाडेकराराची लेखी नोंदणी आवश्यक असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पाणी कोणी भरावयाचे हा वाद तेथेच हरला जातो. त्याच अधिनियमाचे कलम २९ भाडेकरूचे पाणी वा वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडण्यास घरमालकाला मनाई करते. भाडे थकले म्हणून नळ बंद करणारे मालक आजही आढळतात. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घराचे पाणी तोडणारा हात डॉक्टरचा नसावा. वसुलीसाठी अनामत रक्कम आहे, न्यायालय आहे.

करदात्यांसाठी एक सूचना. घरभाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा जाता ३० टक्के सरसकट वजावट मिळते. टाकी, पंप, दिवे यांचा खर्च कितीही झाला तरी तो वेगळा दाखविता येत नाही. म्हणून या बाबींतील प्रत्येक बचत थेट आपल्या पदरात पडते.

व्यवसायबंधूंनो, परराज्यात घर जरूर घ्या. मात्र इमारत पाहावयास जाल तेव्हा दर्शनी भाग आणि भाड्याचा आकडा पाहून परतू नका. गच्चीवर चढा, टाकीचे झाकण उघडून पाहा, जिन्याखालचे मीटर मोजा, टँकर कोठून येतो ते विचारा. त्या टाकीतले पाणी आपल्या नातवंडांना निःशंकपणे पाजता येईल असे वाटले, तरच इसाऱ्याची रक्कम द्या.