चौदा दिवसांचा खेळ

कॅरम बोर्ड एकदा विकत आणला, की तो आपला होतो. दोन आठवड्यांनी दुकानदार घरी येऊन तो उचलून नेत नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र नेमके असेच घडले. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सोनी या जपानी कंपनीने ‘कॉन्कॉर्ड’ नावाचा गेम ४० डॉलरला बाजारात आणला आणि ६ सप्टेंबरला तो बंदही करून टाकला. घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले, पण गेम कोणाकडेच उरला नाही. ऑक्टोबरअखेर तो बनवणाऱ्या फायरवॉक स्टुडिओलाही टाळे लागले.

१९९४ पासून ‘प्लेस्टेशन’ विकणाऱ्या मुरब्बी कंपनीवर ही पाळी का यावी? त्यासाठी या धंद्याचे गणित थोडे समजून घ्यायला हवे.

टीव्हीला जोडायचे यंत्र, म्हणजे कन्सोल, एकदा विकले जाते. खरी कमाई होते ती त्यावर चालणाऱ्या गेममधून. हे गेम आता चित्रपटापेक्षाही महाग झाले आहेत. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागासारख्या एकेका गेमवर सोनीने २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, हे २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. इतका पैसा ओतायचा आणि लोकांनी पंधरा दिवसांत गोष्ट संपवून गेम कपाटात ठेवायचा!

यावर उपाय म्हणून पुढे आला ‘लाईव्ह सर्व्हिस’ गेम. साधा गेम चित्रपटासारखा असतो, हा टीव्हीवरच्या न संपणाऱ्या मालिकेसारखा. तो कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, त्यात दर काही आठवड्यांनी नवी भर पडते, आणि खेळणाऱ्यांना आतल्या आत नवे पोशाख, नवी शस्त्रे विकली जातात. गिऱ्हाईक एकदा आले, की वर्षानुवर्षे खर्च करीत राहते.

ही कमाई पाहून सोनीने कंबर कसली. ‘डेस्टिनी’ हा असाच गेम चालवणारी बंजी ही अमेरिकन कंपनी ३६० कोटी डॉलरला घेण्याचा सौदा तिने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला. मार्च २०२६ पर्यंत असे १२ गेम आणण्याचा बेत त्याच वर्षी सांगितला. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या मुदतीत सहाच येतील, असे सांगावे लागले. पुढच्याच महिन्यात ‘द लास्ट ऑफ अस’वर आधारित ऑनलाईन गेम सोडून देण्यात आला. तो चालवायचा, तर स्टुडिओची सारी माणसे वर्षानुवर्षे त्यालाच जुंपावी लागतील आणि गोष्टीचे गेम मागे पडतील, असे बनवणाऱ्यांनीच सांगितले.

अडचण पैशांची नव्हती, संध्याकाळची होती. कपाटात वीस पुस्तके सुखाने नांदतात, पण रोज रात्री नऊला एकच मालिका पाहता येते. लाईव्ह सर्व्हिस गेमला रोजची हजेरी लागते. जो आधीच एका गेममध्ये रमला आहे, तो मित्रांना सोडून दुसरीकडे जात नाही. ‘कॉन्कॉर्ड’चे प्रतिस्पर्धी तर फुकट खेळायला मिळत होते. शिवाय असा गेम म्हणजे भरलेले मैदान. माणसे कमी झाली, की जोडीदार मिळायला वेळ लागतो. वेळ लागला, की उरलेलेही उठून जातात. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तो असा.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच ४० डॉलरला सोनीने ‘हेलडायव्हर्स २’ आणला आणि त्याच्या १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्या! स्वीडनमधील एका स्टुडिओने बनवलेल्या या गेममध्ये चार मित्र मिळून शत्रूशी लढतात, आणि साऱ्या जगातील खेळाडूंची लढाई एकच असते. म्हणजे लोक अशा गेमच्या विरुद्ध नाहीत. मात्र बारा मैदाने भरतील इतकी माणसे आणि इतक्या संध्याकाळी कोणाकडेच नाहीत.

याच हिशेबातून सोनीचे संगणकाविषयीचे धोरणही उलगडते. मैदान भरायचे, तर जितकी दारे तितकी बरी. म्हणून वरचे दोन्ही गेम पहिल्याच दिवशी संगणकावरही आले. गोष्टीच्या गेमची तऱ्हा निराळी. ते खेळण्यासाठी लोकांनी कन्सोल घ्यावा, ही इच्छा. म्हणून ‘होरायझन झीरो डॉन’ २०१७ चा, पण संगणकावर आला २०२० मध्ये. ‘गॉड ऑफ वॉर’ही २०१८ नंतर थेट २०२२ मध्ये. जुन्याच मालाला नवे गिऱ्हाईक! मे २०२४ मध्ये मात्र सोनीने ‘हेलडायव्हर्स २’च्या संगणकावरील खेळाडूंना प्लेस्टेशनचे खाते सक्तीचे केले. जिथे ही सेवाच नाही, अशा देशांतही गेम विकला गेला होता. ओरड झाली आणि काही दिवसांतच सक्ती मागे घ्यावी लागली.

आपल्या घरातील खर्चाशी याचा संबंध आहेच. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ मध्ये आला, तो ४९,९९० रुपयांना. घरात चांगला संगणक असेल आणि मुलगा किंवा मुलगी एखाद्या गोष्टीच्या गेमसाठी हट्ट धरत असेल, तर तो गेम संगणकावर आला आहे का, हे आधी पाहावे. नवा आलेला असेल, तर थोडे थांबावे. ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग मार्च २०२३ मध्ये संगणकावर आला, तो इतक्या दोषांसह, की दुरुस्त्यांची रांग लागली.

आणि पैसे देण्यापूर्वी मुलांना दोन प्रश्न जरूर विचारा. इंटरनेट नसताना हा गेम चालतो का? आणि घेतल्यावर आत आणखी काय काय विकत घ्यावे लागते? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही गेम विकत घेत नसून मैदानात शिरण्याचा पास घेत आहात. ‘कॉन्कॉर्ड’चे पैसे परत मिळाले, पुढच्या वेळी मिळतीलच, असे धरून चालू नये.