परिषद, पाहुणे आणि सूर्यास्त

वागळे इस्टेट हे नाव उच्चारले की क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते, कारखाने, गोदामे आणि मालवाहू गाड्या डोळ्यांसमोर येतात. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्या महामंडळाच्या आरंभकाळाशी ठाण्याच्या या वसाहतीचे नाव जोडलेले आहे. आता अनेक ठिकाणी यंत्रांची जागा संगणकांनी घेतली आहे आणि वसाहतीत व आसपास मोठी सभागृहेही उभी राहिली आहेत. तेथे व्यापाऱ्यांच्या परिषदा भरतात, लेखापालांची चर्चासत्रे होतात, समाजाची अधिवेशने होतात. सुरत, सांगली, बेळगाव, इंदूर अशा गावांहून पाहुणे येतात. त्यांच्या हाती दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेच्या अखेरीस बहुधा एक ओळ असते : 'दुपारनंतर स्थलदर्शन.'

या एका ओळीकडे यजमानांचे सर्वांत कमी लक्ष असते. व्याख्याते, व्यासपीठ, हारतुरे आणि भोजन यांची चिंता महिनोन्महिने वाहिली जाते. स्थलदर्शन मात्र एका बसचालकावर सोपवले जाते. अखेरचे भाषण लांबते. बस चारला निघायची ती पाचला निघते आणि दक्षिण मुंबईच्या दिशेने वाहनांच्या गर्दीत अडकते. गेटवे ऑफ इंडिया गाठेपर्यंत अंधार पडतो. ज्यांचा चौविहार आहे, ते ज्येष्ठ श्रावक-श्राविका बसच्या खिडकीतून मावळता सूर्य पाहतात आणि काही न बोलता पाण्याची बाटली पिशवीत परत ठेवतात. यजमानांच्या मनात खोट नसते, फक्त हिशेब चुकलेला असतो. परंतु दोन दिवसांच्या उत्तम आतिथ्यानंतर पाहुणा घरी नेतो ती आठवण त्या उपाशी संध्याकाळचीच असते. साधर्मिक भक्तीचा एवढा खटाटोप एका वेळापत्रकापायी वाया जावा, हे दुःखद आहे.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न मुळातच उद्भवू दिला नव्हता. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली ती स्तवनिधी क्षेत्रावर. १९०२ साली जैन श्वेतांबर कॉन्फरन्सचे पहिले अधिवेशन भरले तेही राजस्थानातील फलोधी तीर्थावर. सभा तीर्थावर भरत असे. सकाळी दर्शन, दुपारी ठराव आणि सूर्यास्तापूर्वी भोजन असा दिवस आपसूक आखला जाई. आज सभा वातानुकूलित सभागृहात भरते आणि तीर्थ दूर राहते, म्हणूनच ते अंतर जाणीवपूर्वक भरून काढावे लागते.

वागळे इस्टेटमधील यजमानांच्या बाबतीत ते अंतर फार नाही. अवघ्या तीन-चार किलोमीटरांवर, टेंभी नाक्याजवळ श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय आहे. 'कोकण शत्रुंजय' या नावाने ते ओळखले जाते. श्रीपाळ राजा आणि मयणासुंदरी यांच्या कथेशी ठाण्याचे नाते परंपरेने जोडले आहे. लोभाने आंधळा झालेला धवलशेठ श्रीपाळाला समुद्रात ढकलतो, नवपदाच्या स्मरणाने तो कोकणच्या किनाऱ्याला लागतो आणि ठाण्याचा राजा त्याला सन्मानाने नगरीत आणतो, असा तो प्रसंग आहे. चैत्र आणि आश्विनातील आयंबिल ओळीत ही कथा घरोघरी वाचली जाते. उपाध्याय विनयविजयजींनी आरंभलेला आणि त्यांच्या निधनानंतर उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेला 'श्रीपाळ रास' विक्रम संवत १७३८ मध्ये रांदेर येथे रचला गेला. ते रांदेर आज सुरत शहरात आहे. सुरतेहून परिषदेस आलेल्या व्यापाऱ्याला एवढे एकच सूत्र सांगितले, तरी ठाणे त्याला परके राहत नाही. शिवाय सहव्यापाऱ्याच्या भरभराटीवर जळणाऱ्या धवलशेठची कथा व्यापारी परिषदेच्या अखेरीस ऐकण्यास अगदी समयोचित आहे.

जिनालयातून बाहेर पडल्यावर पायी फिरण्याजोग्या टापूत ठाण्याची कित्येक शतके सामावली आहेत. मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वराचे मंदिर आहे आणि तलावालगतच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. जवळच १८७९ साली उभारलेले 'शआर हाशामाईम' हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आज कारागृह आहे. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तेथेच फाशी देण्यात आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी जेथे येऊन थांबली, ते ठाणे स्थानकही येथून दूर नाही. शिलाहारांच्या लेखांतील 'श्रीस्थानक' ते हेच गाव.

हे सारे दाखवताना मार्गदर्शकाने एक पथ्य पाळावे. 'परंपरा असे सांगते' आणि 'शिलालेख असे सांगतो' ही दोन वाक्ये त्याने एकमेकांत मिसळू नयेत. श्रीपाळाची कथा श्रद्धेच्या अधिकाराने सांगावी आणि शिलाहारांचे नाव ताम्रपटाच्या आधाराने. श्रद्धेला पुराव्याचा खोटा मुलामा दिल्याने श्रद्धा वाढत नाही, केवळ सत्यव्रताला बाधा येते. दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळाविषयी बोलतानाही आपल्या जिनालयाविषयी जो आदर अपेक्षितो, तोच शब्दांत असावा. अनेकांतवादावर तासभर व्याख्यान ऐकलेल्या पाहुण्यांना त्याचे प्रात्यक्षिक तेथे मिळते.

आता वेळेचा जमाखर्च. डिसेंबरच्या आरंभी ठाण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अनेक जण सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधीच भोजन आटोपतात. म्हणजे सव्वापाचपूर्वी ताटे उचलली गेली पाहिजेत. पाहुण्यांना साडेचारला पंगतीस बसवायचे, तर बस दोनलाच निघाली पाहिजे आणि अखेरचे सत्र पावणेदोनला संपले पाहिजे. हिशेब असा शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावा. जूनमध्ये सूर्यास्त सव्वासातनंतर होतो, तेव्हा तासाहून अधिक सवलत मिळते. पण पावसाचा अंदाज घ्यावा लागतो. दुपारी जिनालय केव्हा मंगल होते आणि पुन्हा केव्हा उघडते, हे पेढीवर आधी विचारावे. उकळलेले पाणी बरोबर ठेवावे. ज्यांना चालणे जमत नाही त्यांच्यासाठी एक छोटी गाडी मागे असावी. चामड्याचे पट्टे व पाकिटे यांची सूचना बसमध्येच द्यावी, जिनालयाच्या दारात नव्हे.

एक संपूर्ण दिवस हाती असेल, तर कान्हेरी आणि सोपारा ही जोडी घ्यावी. कान्हेरीची लेणी येऊरच्या डोंगरापलीकडे असली तरी रस्ता मात्र बोरिवलीकडून आहे आणि राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. लेणी बौद्धांची आहेत; परंतु तेथील दानलेखांत कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. त्यांनी पाण्याच्या पोढींसाठीही दान दिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याने आपली मिळकत कशासाठी खर्च केली, हे दगडावर पाहणे आजच्या व्यापाऱ्याला अंतर्मुख करते.

सोपाऱ्याचे महत्त्व याहून वेगळे आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाचा विषय चक्क सहल हाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, तेथे मृगया आणि मौजमजा चाले. अशोकाने ती प्रथा सोडून धम्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन घेणे व त्यांना दान देणे, वृद्धांना भेटून त्यांना साहाय्य करणे आणि जनपदातील लोकांशी धर्मचर्चा करणे, असे त्या यात्रेचे स्वरूप त्याने नोंदवले आहे. आपल्याकडे 'विहार' म्हणजे साधू-साध्वींचा पायी प्रवास. त्या लेखात मात्र हा शब्द करमणुकीच्या अर्थाने आला आहे. शब्द तोच, हेतू मात्र दोन टोकांचे.

परिषदेच्या स्थलदर्शनापुढेही निवड हीच आहे. बसभर माणसे कोठेतरी नेऊन छायाचित्रे काढून आणली, तर ती विहारयात्रा झाली. वृद्धांची सोय पाहून, स्थानिकांशी दोन शब्द बोलून, खरे ते सांगून, सूर्य मावळण्याच्या आत त्यांना पंगतीस बसवले, तर ती धर्मयात्रा झाली. दोहोंचा खर्च जवळपास सारखाच येतो.

यासाठी बाहेरून मार्गदर्शक आणण्याचीही गरज नाही. ठाण्यातील पाठशाळेतील मोठी मुले-मुली महिनाभर तयारी करून हे काम उत्तम करू शकतील. त्यांच्यापैकी कित्येकांनी वर्षानुवर्षे मासुंद्याकाठून ये-जा करूनही ते प्रार्थनामंदिर आतून पाहिलेले नाही आणि कारागृहाची भिंत किल्ल्याची आहे हे त्यांना ठाऊक नाही. पाहुण्यांना गाव दाखवण्याच्या निमित्ताने ते त्यांचे स्वतःचेही होईल.